दिलासा मागणारा वाचक

मित्रहो, २७ सप्टेंबर २०१२ रोजी जे. के. रोलिंग यांची ‘द कॅज्युअल व्हेकन्सी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हॅरी पॉटरचा सातवा आणि शेवटचा भाग येऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती, आणि खास प्रौढांसाठी रोलिंग यांनी लिहिलेले हे पहिलेच पुस्तक होते. प्रकाशनाच्या दिवसापर्यंत प्रकाशकांनी कमालीची गुप्तता पाळली होती. ब्रिटनमध्ये पहिल्या तीन दिवसांत सव्वा लाखाच्या आसपास प्रती खपल्या, आणि पाठोपाठ तक्रारींचा ओघ सुरू झाला. पुस्तकात शिव्या आहेत, हेरॉइन आहे, बलात्कार आहे, जिच्यावर जीव जडावा अशी एकही व्यक्ती नाही आणि शेवट तर सहन होत नाही, असे वाचक सांगू लागले. काही मोठ्या वृत्तपत्रांच्या परीक्षणांतही निराशेचाच सूर होता, तर काही समीक्षकांनी या कादंबरीला गंभीर सामाजिक कादंबरीचा मान दिला. गुडरीड्स या पुस्तकांविषयीच्या संकेतस्थळावरच्या वाचकांनी त्या वर्षीची सर्वोत्तम कादंबरी म्हणून तिलाच मते दिली आणि त्याच ठिकाणी असंख्य वाचकांनी तिला अगदी कमी गुणही दिले. मुलांचा लाडका लेखक मोठ्यांसाठी लिहू लागतो तेव्हा वाचकाच्या मनात नेमके काय होते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, म्हणून आजचे बोलणे मी मुख्यतः याच पुस्तकाभोवती ठेवणार आहे. पुढच्या काळात रोलिंग यांच्या सार्वजनिक मतांवरून बरेच वाचक त्यांच्यापासून दुरावले. तो वाद वेगळा आहे आणि तो मी इथे मिसळणार नाही.

तक्रारींमध्ये सर्वांत वरचा आवाज पालकांचा आणि पालकांच्या वतीने बोलणाऱ्यांचा होता. हे पुस्तक मुलांच्या हाती पडले तर काय, असे ते विचारत होते. त्यावर रोलिंग यांनी ‘न्यूयॉर्कर’ नियतकालिकाशी बोलताना स्पष्टच सांगितले की, तुमची मुले सांभाळणारी बाई किंवा त्यांची शिक्षिका म्हणून मी स्वतःला कधीही पुढे केलेले नाही. मी लेखिका आहे आणि मला जे लिहायचे ते मी लिहीन. लेखकाच्या हक्काचा प्रश्न म्हणून पाहिले तर या उत्तरात मला काडीइतकीही त्रुटी दिसत नाही. पण खऱ्या दुखावलेल्या वाचकाला ते उत्तर लागूच पडत नाही, कारण तो वाचक मूल नव्हता. हॅरी पॉटरचा पहिला भाग जून १९९७ मध्ये आला. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी २०१२ मध्ये पंचवीस वर्षांची झाली होती. ती नोकरी करत असेल, घरभाडे भरत असेल, शिव्यांनी दचकण्याचे तिचे वय केव्हाच सरले असेल. तरीही पुस्तक अर्ध्यावर ठेवून ‘ही आपली रोलिंग नव्हे’ असे म्हणणाऱ्यांत ती होती. तिचे दुःख मला पालकांच्या काळजीपेक्षा फार महत्त्वाचे वाटते, कारण ते वाचनातून आलेले दुःख आहे.

तिचे काय हरवले, हे कळण्यासाठी पुस्तकात शिरावे लागते. पॅगफर्ड नावाचे देखणे, नीटनेटके इंग्लिश गाव आहे. तिथल्या स्थानिक परिषदेचा सदस्य बॅरी फेअरब्रदर पुस्तकाच्या पहिल्याच पानांत अचानक मरतो, आणि त्याच्या रिकाम्या जागेसाठी गावात चुरस लागते. वरवर जागेसाठी चाललेल्या या भांडणाचा खरा विषय ‘फील्ड्स’ ही गरिबांची वसाहत आहे: तिची जबाबदारी गावाने घ्यायची की झटकून टाकायची, आणि व्यसनमुक्ती केंद्र चालू ठेवायचे की बंद करायचे. त्या वसाहतीत क्रिस्टल वीडन ही सोळा वर्षांची मुलगी राहते. तिची आई हेरॉइनच्या आहारी गेलेली आहे, आणि रॉबी हा तिचा धाकटा भाऊ जेमतेम तीन-साडेतीन वर्षांचा आहे. क्रिस्टल उद्धट आहे, तोंडाने फटकळ आहे, शाळेत सगळ्यांना नकोशी आहे. आणि त्या छोट्याशा भावाला जगवण्याची धडपड त्या घरात तीच एकटी करते आहे.

शेवटाकडे रॉबी नदीकाठी एकटाच भटकत असतो. त्या दुपारी गावातली तीन मोठी माणसे वेगवेगळ्या वेळी त्याच्या जवळून जातात. तिघांनाही तो दिसतो, आणि तिघेही आपापल्या विवंचनेत असल्यामुळे थांबत नाहीत. त्यांच्यातले कोणीच दुष्ट नाही. इतक्या लहान मुलाबरोबर कुणी तरी असेलच, असे गृहीत धरून पुढे जाणारी ती सामान्य माणसे आहेत. रॉबी बुडतो. त्याला वाचवण्यासाठी पाण्यात उडी टाकते ती सुखविंदर, वर्गात जिचा छळ होतो ती शीख मुलगी, पण तोवर उशीर झालेला असतो. पुढे क्रिस्टलही उरत नाही. मी अनेकांना विचारले आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाने सांगितले आहे की पुस्तकातली शिवीगाळ ते विसरले, पण ती नदीकाठची तीन माणसे विसरली नाहीत.

आता हॅरीची सुरुवात आठवा. ती गोष्टही अशाच एका नीटनेटक्या वस्तीत सुरू होते, जिथले लोक आपण अगदी चारचौघांसारखे आहोत याचा अभिमान बाळगतात आणि एका अनाथ मुलाला जिन्याखालच्या कपाटात झोपवतात. शेजारपाजाऱ्यांना तो मुलगा दिसत नाही असे नाही. फरक इतकाच आहे की हॅरीला जादूच्या शाळेचे पत्र येते. ते फाडले तरी येते, जाळले तरी येते, हॅरीला समुद्रातल्या खडकावरच्या झोपडीत लपवून ठेवले तरी पोहोचते, आणि ते घेऊन येणारा आडदांड हॅग्रिड वाढदिवसाचा केकही आणतो. क्रिस्टलला कुणीच पत्र पाठवत नाही. तिच्या आयुष्यात हॅग्रिडच्या जवळपास जाणारा एकच माणूस होता, तिला वल्हवायला शिकवणारा बॅरी, आणि तो आरंभीच मेलेला आहे. दोन्ही पुस्तकांमागे नकोशा मुलाकडे काणाडोळा करणाऱ्या सभ्य माणसांविषयीचा एकच संताप आहे, असे मी ठामपणे मानतो. वाचकांनी ‘ही वेगळी लेखिका आहे’ असे म्हटले, मला मात्र ती तीच दिसते. तिने विषय बदलला नाही. फक्त दिलासा काढून घेतला. पंचवीस वर्षांच्या त्या मुलीला जे बोचले ते हेच, आणि ते तिला बोचले म्हणून तिला बालिश ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. अंधाराची तिला सवय होती, कारण पॉटरच्या पुस्तकांत मृत्यू, छळ आणि विश्वासघात भरपूर आहेत. पण त्या अंधारातून कुणी तरी आपला हात धरून बाहेर नेईल, हा तिचा दहा वर्षांचा अनुभव होता.

या विश्वासाचा एक वेगळा परिणाम भारतात दिसला. सुखविंदरच्या शरीराविषयी कादंबरीत जे हिणवणारे शब्द आहेत, त्यांवर अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने आक्षेप घेतला. ते शब्द तिचा छळ करणाऱ्या मुलाच्या नजरेतले आहेत, असा खुलासा प्रकाशकांना करावा लागला. आक्षेप घेणाऱ्यांनी पुस्तक कितपत वाचले होते, या वादात मी पडत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की बालसाहित्यातला निवेदक बहुधा न्यायी असतो. तो ज्याला वाईट म्हणतो तो वाईट असतो. प्रौढ कादंबरीतले निवेदन मात्र कधी या पात्राच्या डोक्यात शिरते, कधी त्या पात्राच्या, आणि त्या त्या डोक्यातला कडवटपणा जसाच्या तसा कागदावर उतरवते. त्यामुळे ज्या लेखिकेच्या निवेदकावर आपण वर्षानुवर्षे डोळे मिटून भरवसा ठेवला, तिच्या पुस्तकात असा शब्द आला की तो तिचाच वाटतो.

हा अनुभव काही एकट्या रोलिंग यांचा नाही. ‘विनी द पू’चे कर्ते ए. ए. मिल्न हे ती पुस्तके लिहिण्याआधी नाटककार आणि विनोदी लेखक म्हणून नावाजलेले होते, पण त्या पुस्तकांतल्या ख्रिस्तोफर रॉबिन या मुलाची कीर्ती झाल्यावर त्यांनी काहीही लिहिले तरी लोकांना त्यात तोच मुलगा दिसू लागला, आणि आत्मचरित्रात त्यांनी याबद्दलची खंत बोलून दाखवली आहे. अमेरिकेत ज्यूडी ब्लूम यांनी १९७८ मध्ये ‘वायफी’ ही प्रौढांची कादंबरी लिहिली तेव्हा, टोपणनाव का घेतले नाही म्हणून काही लोक चिडले होते.

फिनलंडच्या तूवे यान्सन यांची गोष्ट मात्र सावकाश सांगावी अशी आहे. ‘मूमिन’ या काल्पनिक प्राण्यांच्या कुटुंबाच्या त्यांच्या कथा जगभरातल्या मुलांनी वाचल्या. मुलांची पत्रे ढिगाने येत आणि वर्षानुवर्षे त्या स्वतः उत्तरे लिहीत. १९७० मध्ये त्यांनी मूमिनवरची शेवटची कादंबरी लिहिली, तिचे नाव ‘मूमिन दरीतला नोव्हेंबर’ असे सांगता येईल. त्यात मूमिन कुटुंब घरी नसतेच. थंडी पडू लागते तशी निरनिराळी पात्रे त्या घराच्या ओढीने येतात, रिकाम्या खोल्यांत मुक्काम ठोकतात, एकमेकांशी भांडतात आणि वाट पाहतात. त्यांत टॉफ्ट नावाचा एकलकोंडा मुलगा आहे. मूमिनआई कधी रागावत नाही, कधी थकत नाही, अशी तिची एक मूर्ती त्याने मनात घडवलेली आहे. मग एक दिवस तो घरामागच्या कुरूप, अंधाऱ्या जंगलात जातो. मूमिनआईला राग आला, एकटे राहावेसे वाटले की ती इथे येत असे, हे त्याला कळते. तिथून चालता चालता त्याने घडवलेली ती मूर्ती विरून जाते, आणि तिला दुःख का झाले असेल, असा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच येतो. मुलांच्या लाडक्या लेखिकेने आपल्या वाचकांचा निरोप याहून जिव्हाळ्याने घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. दोन वर्षांनी त्यांनी आजी आणि नात यांच्यावरचे ‘समर बुक’ हे प्रौढांचे पुस्तक दिले, आणि पुढे त्याहून कोरडे, कठोर लेखनही केले. यान्सन यांनी वाचकाला दाराबाहेर उभे ठेवले हे खरे, पण आपण आता इथे नसणार, हे त्याला आधी गोष्टीतूनच सांगितले. रोलिंग यांच्या वाचकाला ती संधी मिळाली नाही. पॉटरचा शेवट तर मुलांना शाळेच्या गाडीत बसवून देणाऱ्या सुखी संसाराच्या चित्राने झाला होता.

मराठीत हा धक्का सहसा बसत नाही. आपल्याकडे प्रवास बहुतेक वेळा उलट दिशेने झाला. विंदा करंदीकरांचा ‘स्वेदगंगा’ हा मोठ्यांसाठीचा कवितासंग्रह १९४९ चा आणि ‘राणीची बाग’ हा बालकवितांचा संग्रह १९६१ चा. त्यांच्या बालकविता तोंडपाठ असलेले मूल मोठे होऊन ‘माझ्या मना बन दगड’ या कवितेपाशी येते. अन्नावाचून कुडकुडणाऱ्या जिवांकडे पाहू नको, असे स्वतःच्या मनाला बजावणारी ती भयंकर कविता वाचून ते हादरते. पण कवीने आपल्याला फसवले असे त्याला वाटत नाही, कारण तो कवी आधीपासून मोठ्यांचाच होता आणि मधल्या वेळात आपल्यासाठी खाली बसला होता, हे त्याला घरातून, शाळेतून ठाऊक झालेले असते. पॅगफर्डच्या नदीकाठून गेलेल्या त्या तिघांचीही मने अशीच दगड झाली होती, हे मला विंदांमुळे अधिक समजले.

आता २०१३ कडे येतो, कारण माझ्या म्हणण्याची परीक्षा तिथे होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये रॉबर्ट गॅल्ब्रेथ या अपरिचित नावाने ‘द ककूज कॉलिंग’ ही रहस्यकथा आली. परीक्षणे चांगली आली, खप मात्र बेताचा होता; ब्रिटनमध्ये पक्क्या बांधणीच्या दीडेक हजार प्रती गेल्या होत्या. जुलैमध्ये ‘संडे टाइम्स’ने लेखिका रोलिंगच असल्याचे उघड केले, आणि पुस्तक रातोरात विक्रीच्या यादीत वर जाऊन बसले. नावाची किंमत किती, हे यातून दिसलेच. पण त्यापुढचे मला अधिक बोलके वाटते. या मालिकेतल्या पुढच्या पुस्तकांत छिन्नविच्छिन्न प्रेते आहेत, लैंगिक अत्याचार आहेत, ‘कॅज्युअल व्हेकन्सी’ला लाजवील इतकी शिवराळ भाषा आहे. तरीही पॉटरवर वाढलेल्या असंख्य वाचकांनी ती पुस्तके आपली मानली, पुढच्या भागाची वाट पाहिली, नायक आणि त्याची सहकारी यांचे कधी जमणार याची हुरहुर बाळगली.

याचे कारण रहस्यकथेच्या घडणीत आहे. या मालिकेचा नायक कॉर्मोरन स्ट्राइक हा युद्धात पाय गमावलेला, बालपणी आबाळ झालेला खाजगी गुप्तहेर आहे, आणि त्याच्या जगातही माणसे मुलांकडे पाठ फिरवून पुढे जातात. पण मेलेल्याची चौकशी करायला तिथे कुणी तरी येते, साक्षीदारांना शोधून काढून ‘त्या वेळी तुम्ही काय पाहिलेत’ असे विचारते, आणि शेवटच्या पानांपर्यंत गुन्हेगाराचे नाव कळते. बीबीसीने २०१५ मध्ये ‘कॅज्युअल व्हेकन्सी’ची मालिका केली तेव्हा पटकथेतही शेवट बदलून थोडा सौम्य करण्यात आला. वाचकांचा आक्षेप प्रौढ मजकुराला असता, तर त्यांनी स्ट्राइकला हातही लावला नसता. पॅगफर्डच्या त्या तीन माणसांना मात्र कादंबरीभर कुणीच जाब विचारत नाही. ते काम रोलिंग यांनी वाचकावर सोडले, आणि पुस्तक रागाने मिटून टाकणाऱ्या वाचकाने, माझ्या मते, ते आपल्यावर आले आहे हे ओळखले होते.