गटार, नळ आणि सहा डिसेंबर

(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : पहाटेचा अंधार. गल्लीत एकच ट्यूबलाइट. चित्र येण्याआधी आवाज.]

खटाक्-खट, खटाक्-खट.

भिवंडी दिसायच्या आधी ऐकू येते. रिक्षा मोठा रस्ता सोडून आत वळली की यंत्रमागांची ही धडधड तळपायातून वर चढायला लागते. इथल्या माणसाची झोप या आवाजानं मोडत नाही. रात्री लाइट गेली, माग थांबले, की मग तो दचकून उठतो.

[दृश्य : मागावरच्या कामगाराची बोटं. तुटलेला धागा सापडतो, दोन टोकं चिमटीत, एक पीळ, गाठ. माग पुन्हा चालू.]

ताण्याबाण्याची, एका धाग्यात गुंफलेल्या समाजाची उपमा इथं प्रत्येक व्यासपीठावरून ऐकायला मिळते. आपण ती टाळू. कारण हे गाव दोनदा फाटलंय, आणि नुसत्या उपमेनं ते शिवलं गेलं नाही.

मागावर उत्तर प्रदेशातून आलेला अन्सारी आहे, तेलंगणातून आलेला पद्मशाली आहे. गावात पिढ्यान्‌पिढ्यांचे कोकणी मुसलमान आहेत, आजूबाजूला आगरी आहेत. एका खोलीत दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला आडवा होतो. जेवायला भिस्सी. बाहेर भिशी म्हणजे पैशांची. इथं भिस्सी म्हणजे कामगारांची खाणावळ. आळी आणि मोहल्ला यांच्यामध्ये कित्येक ठिकाणी फक्त एक गटार. ते गटार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

7 मे 1970. शिवजयंतीची मिरवणूक निघाली आणि भिवंडी पेटली. लोण जळगावपर्यंत गेलं. चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला, त्याचा अहवाल आला. मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. दरम्यान गावात शांतता कमिटी नव्हती असं नाही. होती की. ती कुठल्या गावात नसते?

[दृश्य : पोलीस ठाण्यातलं सभागृह. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर बिस्किटांच्या बशा.]

शांतता कमिटीची बैठक महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला डोळे मिटून सांगता येईल. गणपती किंवा मोहरम जवळ आला की निरोप जातो. नगरसेवक, व्यापारी, मौलाना, मंडळांचे अध्यक्ष. तीच माणसं, त्याच खुर्च्या. ‘आपल्या शहराची परंपरा’ या शब्दांनी सुरू होणारी भाषणं. चहा. फोटो. मग पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाला विचारत नाही. दंगल मात्र या खुर्च्यांवर बसणारे करत नाहीत आणि तिच्यात मरतही नाहीत. ती गल्लीत होते, आणि गल्लीतलं कोणी बैठकीला बोलावलेलं नसतं.

1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी खुर्च्या उचलून गल्लीत नेल्या. मोहल्ल्यामोहल्ल्यात कमिट्या उभ्या राहिल्या, सुमारे 70. सभासद त्याच वस्तीतले, दोन्हीकडचे, साधे : दुकानदार, मागवाले, शिक्षक. सोबत त्या भागाचे पोलीस. आणि बैठक सणावारापुरती नाही, वर्षभर.

आता अशा बैठकीत बोलणार काय? राष्ट्रीय एकात्मता? पहिल्याच दिवशी माणसं उठून गेली असती.

[दृश्य : सार्वजनिक नळ. रंगीत कळश्यांची रांग. एक कळशी रांगेबाहेरून पुढे सरकते. आवाज चढतात.]

बोलायचं नळाबद्दल. तुंबलेल्या गटाराबद्दल. कोणाचा पोरगा कोणाच्या पोराला मारून आला, भाडेकरू खोली सोडत नाही, अमुक दारू पिऊन रोज दारात शिव्या देतो. पोलिसांच्या भाषेत ही ‘किरकोळ’ प्रकरणं. ठाण्यात गेलं तर तासन्‌तास बसवून ठेवतात, नाहीतर अदखलपात्र म्हणून एक नोंद करून परत पाठवतात. पण मिश्र वस्तीत किरकोळ काहीच नसतं. कळशी पुढे सरकवणारी एका धर्माची आणि मागे ढकलणारी दुसऱ्या धर्माची असली, की संध्याकाळपर्यंत ते ‘आपल्या बाईला त्यांनी मारलं’ होऊन चार गल्ल्या फिरून येतं. मोहल्ला कमिटीनं हेच काम अंगावर घेतलं : कळशीचं भांडण कळशीचंच राहू द्यायचं.

त्यातून एक गोष्ट आपोआप झाली. महिन्यामागून महिने गटारावर भांडताना माणसांना एकमेकांची नावं पाठ झाली. आणि पोलिसाचंही नाव कळलं. तोवर इथल्या मोहल्ल्यात खाकी कपडा दिसायचा तो कर्फ्यूत किंवा धरपकडीत. आता तोच हवालदार चटईवर बसून चहा पिताना दिसू लागला. पोलिसांनाही सवय करावी लागली असणार. ज्या गल्लीत काठी घेऊन शिरायची सवय, तिथं चप्पल काढून बसणं सोपं नाही.

[दृश्य : जुना लाल-काळा टेलिफोन. एसटी स्टँड. वर्तमानपत्राचा गठ्ठा सुटतो.]

6 डिसेंबर 1992. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई पेटली, शांत झाली, जानेवारीत पुन्हा पेटली. या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा 900 आहे. मुंबईपासून भिवंडी रस्त्यानं जेमतेम 35-40 किलोमीटर. कापडाचे ट्रक रोज जातात-येतात, नातीगोती तिथं. मोबाइल नव्हते, पण अफवेला मोबाइल लागत नाही. तिला एक एसटी पुरते.

सगळ्यांना वाटलं, आता भिवंडी. 1970 चा, 1984 चा इतिहास समोर होता. खोपडे यांच्यानंतर आलेले उपायुक्त गुलाबराव पोळ यांनी कमिट्या मोडीत काढल्या नव्हत्या, चालू ठेवल्या होत्या. हे मुद्दाम सांगायचं, कारण आपल्याकडे नवा साहेब आला की आधीच्या साहेबाची योजना फायलीत जाते.

भिवंडीत दंगल झाली नाही.

यात चमत्कार शोधायला जाऊ नये. ‘अमक्या गल्लीत आपल्या माणसाला भोसकलं’ अशी बातमी येते, तेव्हा तिच्यावर विश्वास बसतो, कारण अमक्या गल्लीत आपल्या ओळखीचं कोणी नसतं. इथं होतं. चार वर्षं गटारावरून ज्याच्याशी वाद घातला तो माणूस त्याच गल्लीत राहत होता. त्याच्याकडे जाऊन विचारता येत होतं : काय झालं रे तिकडे? आणि ‘काही नाही, कोणी सांगितलं तुला?’ हे उत्तर त्याच्या तोंडून आलं, तर ते पोलिसांच्या लाउडस्पीकरपेक्षा खरं वाटत होतं.

[दृश्य : मुंबई. धारावीतली गल्ली, मग पोलीस आणि वस्तीतल्या पोरांचा क्रिकेटचा सामना.]

मुंबईनं हा धडा जळल्यानंतर गिरवला. सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशांच्या पुढाकारानं 1994 च्या सुमारास तिथं मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. पोलीस आणि वस्तीतली पोरं एका मैदानात क्रिकेट खेळू लागली. धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान ही जोडी वर्षानुवर्षं गल्ल्या पालथ्या घालत राहिली.

पुढे झोपडपट्टी पोलीस पंचायत आली. ए. एन. रॉय पोलीस आयुक्त होते, आणि वस्त्यांच्या बाजूनं झोपडपट्टीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम होते. जागा वस्तीतली, पोलीस ठाण्याचा एक माणूस, आणि वस्तीचे दहा प्रतिनिधी : सात बायका, तीन पुरुष. हा हिशेब ज्यांनी मांडला त्यांना वस्ती ठाऊक होती. दारुड्या नवऱ्याची तक्रार घेऊन बाई रात्री ठाण्यात जाणार नाही. पलीकडच्या दारातल्या काकूंकडे जाईल.

[दृश्य : पुन्हा भिवंडी. कापडाचे तागे चढवलेला टेम्पो गल्लीत अडकलाय.]

भिवंडीची गोष्ट 1992 ला थांबवली तर ऐकायला बरी वाटते. पण जुलै 2006 मध्ये इथंच पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली आणि जमावानं दोन पोलीस शिपायांना ठार मारलं. ज्या गावात हवालदार चटईवर बसत होता, त्या गावात.

साहेबांची बदली होते, चांगली कमिटी पुढच्या साहेबाला गैरसोयीची वाटते, बैठका महिन्यावरून सणावर येतात आणि मोहल्ला कमिटीची पुन्हा शांतता कमिटी होते. जुने सभासद म्हातारे होतात. खोल्यांमध्ये नवे कामगार येतात, त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. बदलीच्या आदेशाबरोबर चार्ज मिळतो, गाडी मिळते, गल्लीतल्या ओळखी मिळत नाहीत.

[दृश्य : गटारावरची फरशी, एक कोपरा तुटलेला. कोणीतरी त्यावर लाकडी फळी टाकलीय. दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं उभी.]

ही फरशी अलीकडच्या घराची की पलीकडच्या, यावर वाद चालू आहे. महानगरपालिकेत अर्ज द्यायचा की वर्गणी काढायची, यावरही. एक आजोबा सांगतायत की आधी फळी काढा, पोरं पडतील. फळी काढली तर भोक उघडं राहील, असं समोरच्या दारातून उत्तर येतं. कोणीतरी आतून टेप आणून फरशीचं माप घेऊ लागतो.

[माप सांगण्याचा आवाज. मागे माग चालू. चित्र काळं.]