बाजूची लेन तुंबली तरच हा टोल चालतो

नमस्कार मंडळी! आज गाडीत बसूनच रेकॉर्ड करतोय, गाडी पार्किंगमध्ये उभी आहे, काळजी नको. माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत, मग लेकीला डेकेअरमधून आणायला पळायचंय, आणि हे डेकेअर मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येणार आहे.

तर मी राहतो नॉर्दर्न व्हर्जिनियात, वॉशिंग्टन डीसीच्या पश्चिमेला. इकडे हर्नडन-ॲशबर्न पट्ट्यात आपली मराठी माणसं बरीच आहेत आणि शनिवारी कुणाकडे जेवायला जमलं की पानं वाढायच्या आधी एक विषय निघतोच, सिक्स्टी-सिक्सवर, म्हणजे डीसीला जाणाऱ्या आय-६६ हायवेवर, टोल किती लागला. दर वेळी आकडा वेगळा असतो त्यामुळे विषय काही संपत नाही. सासरे आले होते तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "काय हो, टोलचाही भाजीसारखा भाव निघतो का इथे?" मी म्हटलं बाबा, भाजीचा निदान सकाळी एकदा निघतो, याचा दर काही मिनिटांनी निघतो.

आजचा प्रश्न हा, की असा टोल जिथे आहे तिथे किती गाड्या येतील हे आधी कसं सांगायचं. कारण रस्ता बांधायच्या आधी कर्ज देणारा विचारतोच ना, बाबा रे, कुठल्या तासाला, किती डॉलरला, किती गाड्या?

आधी ही लेन म्हणजे काय ते पटकन. हायवेवर चार-पाच फ्री लेन, आणि त्यांच्या बाजूला किंवा मधोमध एक-दोन वेगळ्या लेन. वर बोर्ड, बोर्डावर आत्ताचा भाव. पटला तर आत घुसायचं, नाही पटला तर फ्री लेनमध्ये बसून रेडिओ ऐकायचा. टोलनाका नाही, काचेवरचं यंत्र वरच्या कमानीवरून वाचलं जातं आणि पैसे कापले जातात. भाव वाढवतात तो कमाईसाठीच असं लोकांना वाटतं, पण मूळ कारण वेगळं आहे. एका लेनमधून तासाला साधारण दोन हजार गाड्या जातात, त्याच्यावर गेलात की ब्रेक लागायला सुरुवात होते, स्पीड कोसळतो, आणि गंमत म्हणजे जाम झालेल्या लेनमधून तासाला जातात त्या गाड्याही कमीच होतात. म्हणून लेन भरत आली की भाव वर, रिकामी झाली की खाली, नळाचा कॉक फिरवतो ना तसं. अमेरिकेत कायदाच आहे की कारपूलच्या, म्हणजे एका गाडीत दोघं-तिघं मिळून जाणाऱ्यांच्या, लेनमध्ये टोल घेऊन एकट्यादुकट्याला सोडणार असाल तर गर्दीच्या वेळी ९० टक्के वेळ तरी ताशी ४५ मैलाचा स्पीड टिकला पाहिजे.

आता खरी गोष्ट. साध्या टोल रोडचा अंदाज म्हणजे लोक कुठून कुठे जातात, गाव किती वाढणार, पेट्रोलचा भाव काय, असलं सगळं. तोही चुकतोच म्हणा. रॉबर्ट बेन म्हणून या क्षेत्रातला जाणकार आहे, त्याने शंभरावर टोल रोड तपासले तर सरासरीने अंदाजाच्या ७७ टक्केच ट्रॅफिक आलं होतं. पण इथे त्याहून अवघड काम आहे, कारण तुम्ही रस्त्याचा अंदाज करतच नाही आहात, तुम्ही शेजारच्या रस्त्याच्या त्रासाचा अंदाज करताय. देवळात नाही का, एक फुकट दर्शनाची रांग आणि एक पैसे भरून जायची. पैशाच्या रांगेत किती माणसं येणार हे देवावरच्या श्रद्धेवर नाही ठरत, फुकटची रांग आज किती लांब आहे त्याच्यावर ठरतं. एकादशीला पावती फाडायला झुंबड, आणि साध्या मंगळवारी दुपारी दोनला कोण पावती फाडणार? वेडाच असेल.

हे आकड्यात बघू, आकडे माझ्या मनाचे आहेत, हिशोब समजण्यापुरते. समजा फ्री लेनमधून तासाला ८००० गाड्या निघू शकतात आणि यायला बघतायत ८४००. म्हणजे दर तासाला ४०० गाड्या मागे साठतात, दोन तासात ८००, आणि शेवटच्या माणसाला वाट बघावी लागते साधारण सहा मिनिटं. आता ट्रॅफिक साधारण पाचच टक्क्यांनी वाढवा, ८८०० करा. साठलेल्या गाड्या होतात १६००, वाट बघणं बारा मिनिटं. डबल! आणि साधारण पाच टक्क्यांनी कमी करा, ८०००. साठलंच नाही काही. शून्य मिनिटं. बघा हां, पाच टक्के इकडे तिकडे हा कुठल्याही ट्रॅफिक मॉडेलमध्ये, म्हणजे गाड्यांचा अंदाज काढायच्या गणितात, उत्तम अंदाज धरतात, पाठ थोपटतात, आणि इथे त्याच पाच टक्क्यात तुमची विकायची वस्तू, म्हणजे वाचलेली मिनिटं, दुप्पट होतात नाहीतर गायब. माणूस वाचलेल्या तासाला २० डॉलर मोजायला तयार असेल तर सहा मिनिटांचे दोन डॉलर, बारा मिनिटांचे चार, आणि शून्याचे शून्य.

आणि अजून एक गुंता आहे. त्या ८४०० मधल्या ४०० गाड्या टोलच्या लेनमध्ये गेल्या तर फ्री लेनचा जामच सुटतो की! मग कशाला कोण पैसे देईल? म्हणजे ही लेन स्वतःचंच गिऱ्हाईक खाते. म्हणून मॉडेलवाले एकदा गणित करून थांबत नाहीत, भाव धरायचा, किती जण येतील काढायचं, मग फ्री लेनमध्ये किती वेळ जातो बघायचं, परत भाव बदलायचा, असं गोल गोल फिरत राहतात, दोन्हीकडे जुळेपर्यंत, आणि तेही दर पंधरा मिनिटांच्या तुकड्यासाठी वेगळं, कारण दिवसाची सरासरी काढली तर इथे काहीच कळत नाही.

हे उगाच थिअरी वाटत असेल तर कॅलिफोर्नियाचं उदाहरण ऐका, मला फार आवडतं हे. ऑरेंज काउंटीत स्टेट रूट ९१ वर २७ डिसेंबर १९९५ ला दहा मैलांच्या एक्सप्रेस लेन, म्हणजे अशाच टोलच्या लेन, सुरू झाल्या, वेळेनुसार टोल बदलणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्याच, आणि बांधल्या खाजगी कंपनीने. पैसे लावणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की आपला धंदा बाजूच्या जामवर आहे, म्हणून करारात अटच घातली की सरकारने आजूबाजूला रस्ता रुंद करायचा नाही! म्हणजे अंदाज चुकू नये याची सोय कागदावर. पुढे सरकारला तिथे लेन वाढवायच्या होत्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, लोक चिडले, आणि शेवटी २००३ मध्ये ऑरेंज काउंटीच्या वाहतूक संस्थेने २० कोटी ७५ लाख डॉलर देऊन त्या लेनच विकत घेतल्या. माझं मत विचाराल तर त्या अटीने जेवढं खरं सांगितलं तेवढं कुठल्याच जाडजूड रिपोर्टने सांगितलं नसेल.

बरं, आता त्या "तासाला २० डॉलर"वर येऊ. हा आकडा आणायचा कुठून? सोपी वाट म्हणजे सर्व्हे, माणसाला विचारायचं, बाबा दहा मिनिटं वाचवायला किती देशील? पण ९१ वर केनेथ स्मॉल, क्लिफर्ड विन्स्टन आणि जिया यान या तिघांनी लोक खरोखर काय करतात तेही बघितलं आणि विचारल्यावर काय सांगतात तेही, तर प्रत्यक्षात लोक तासामागे साधारण २१ डॉलर मोजत होते आणि सर्व्हेत सांगत होते साधारण १२. म्हणजे तोंडाने बारा, खिशातून एकवीस. असं का, तर एक कारण असं दिसतं की जाममध्ये बसलेल्याला दहा मिनिटांची वीस वाटतात, मग तो प्रश्नातल्या "वीस मिनिटांना" रस्त्यावरच्या दहा मिनिटांइतकेच पैसे लावतो. नुसत्या सर्व्हेवर मॉडेल बांधलं तर निम्मी किंमत पकडली.

आणि दुसरं, लोक वेळेएवढेच पैसे खात्रीसाठीही मोजतात. रोज पंचवीस मिनिटं लागली तर चालतं हो, पण आज वीस उद्या पन्नास हे नको. आता आलं माझं डेकेअर. सहाला बंद, त्यानंतर मिनिटाला दंड, आणि तिथल्या बाईंचा चेहरा वेगळाच. सोमवारी बायको आणते लेकीला, तेव्हा मी फ्री लेनमध्ये निवांत, दोन डॉलर पण देणार नाही. गुरुवारी माझी पाळी, साडेपाचला मीटिंग संपली की बोर्डावर काय लिहिलंय ते मी वाचतही नाही. माणूस तोच, पगार तोच, मग मॉडेलमध्ये मला कुठल्या खणात टाकणार? म्हणून उत्पन्नानुसार लोकांचे गट पाडून भागत नाही. "श्रीमंतांची लेन" म्हणून चिडवतात लोक, आणि पैसेवाले जास्त वापरतात हे खरंच आहे, पण रोज जाणारे थोडे असतात आणि घाईच्या दिवशी कधीतरी जाणारे खूप.

यात सगळ्यात डोकं फिरवणारा प्रकार मिनियापोलिसचा. तिथे आय-३९४ वर २००५ पासून अशी लेन आहे, दर तीन मिनिटांनी भाव बदलतो, तेव्हा पाव डॉलरपासून आठ डॉलरपर्यंत असायचा. मायकेल जॅन्सन आणि डेव्हिड लेव्हिन्सन यांनी तिथला डेटा तपासला तर भाव वाढल्यावर गाड्या कमी होण्याऐवजी वाढत होत्या! अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्याला सुरुंग. पण विचार करा, गाडी चालवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, त्याला फक्त बोर्ड दिसतो, आणि बोर्ड महाग म्हणजे पुढे नक्की काहीतरी तुंबलंय. भाव हीच बातमी झाली. आपण नाही का, एखाद्या गाडीवर गर्दी दिसली की तिथलाच वडापाव चांगला असणार म्हणून रांग लावतो. आता मॉडेलमध्ये भाव वाढला की गाड्या घटल्या असं सरळ समीकरण टाकलंत तर बसा.

आणि मग आमचा सिक्स्टी-सिक्स. बेल्टवेच्या, म्हणजे डीसीभोवतीच्या रिंग रोडच्या, आतला जेमतेम दहा मैलांचा तुकडा, ४ डिसेंबर २०१७ ला टोल सुरू झाला आणि पहिल्याच सकाळी बोर्डावर ३४.५० डॉलर, दुसऱ्या दिवशी ४०. टीव्हीवर नुसता दंगा. पण इथली रचना वेगळी आहे, गर्दीच्या वेळी त्या दिशेच्या सगळ्याच लेन टोलच्या, शेजारी फ्री लेन नाहीच, आणि आधी तर एकट्या माणसाला त्या वेळी तिथे जायलाच बंदी होती. म्हणजे जुनं गिऱ्हाईक बघून अंदाज करावा तर जुनं गिऱ्हाईकच नाही. आणि कारपूलवाले फुकट. आमच्याकडे तर "स्लगिंग" म्हणून प्रकार आहे, अनोळखी माणसं ठरलेल्या जागी रांगेत उभी राहतात, गाडीवाला दोघांना उचलतो, तिघं झाले की टोल माफ. ही माणसं लेन भरतात पण पैसे देत नाहीत, आणि भाव जितका चढेल तितकी त्यांची संख्या वाढणार, तेही धरा हिशोबात.

२०२० मध्ये तर सगळी मॉडेलं एकदम उघडी पडली. घरून काम, फ्री लेन मोकळ्या, आणि मग एक्सप्रेस लेनची गर्दी बाजूच्या लेनपेक्षाही जोरात आपटली, आपल्या त्या ८४०० आणि ८००० च्या हिशोबासारखीच. आता जाणकार लोक एक आकडा देतच नाहीत, एवढ्यापासून एवढ्यापर्यंत असा पट्टा देतात, आणि कर्ज देणाराही पट्ट्याचं खालचं टोक आधी वाचतो.

मुंबई-पुण्याला असं का नाही, हे सासऱ्यांनी विचारलंच होतं. एक्सप्रेसवेवर पहाटे तीनला आणि शुक्रवारी संध्याकाळी टोल सारखाच, आणि घाटात शनिवारी सकाळी काय होतं ते तुम्ही मला सांगायची गरज नाही. पण तिथे शेजारी फुकटची लेनच नाही, सगळा रस्ताच टोलचा, मग बोर्डावर आकडा वाढवून माणूस जाणार कुठे? वेळ बदलेल फार तर, तेही लोणावळ्याला पावसाळ्यात निघालेला बदलेल असं मला तरी वाटत नाही. सासरे म्हणाले, मग पहाटे निम्मा टोल करा, आम्ही तसेही चारला उठतोच. आयडिया वाईट नाही.

चला, पाच चाळीस झाले, आणि आज गुरुवार आहे.