ग्रॅनडा न बघता ग्रॅनडाचं संगीत लिहिणारा माणूस

(कॅमेऱ्याकडे बघत)

नमस्कार. बोलण्याआधी वीस सेकंद हे ऐका.

(‘अग्निनृत्य’, सुरुवातीचा तुकडा)

ही धून कानावरून गेलेली असते, नाव मात्र आठवत नाही. ‘एल आमोर ब्रुखो’ या १९१५ सालच्या नृत्यनाट्यातलं हे अग्निनृत्य. रचनाकार मान्युएल द फाया. स्पेलिंग बघून ‘फाल्ला’ म्हणावंसं वाटतं, मीही बरेच दिवस तेच म्हणायचो.

या माणसाची एक खोड मला फार आवडते. ज्या गावाचं संगीत लिहायचं, त्या गावात हा सहसा नसतोच!

जन्म १८७६चा, काडिझचा. काडिझ म्हणजे स्पेनच्या दक्षिणेचं बंदर, अटलांटिकमध्ये घुसलेलं. पियानोचे पहिले धडे आईकडे, मग माद्रिदला रीतसर शिक्षण. घरची घडी विस्कटल्यावर पैशासाठी त्यानं ‘सार्सुएला’ लिहून पाहिल्या. आपल्या संगीत नाटकासारखाच प्रकार, संवादही आणि गाणीही. त्या काही चालल्या नाहीत. ते सोडून देऊ, कारण खरी गोष्ट त्याला फेलिपे पेद्रेल हे गुरू भेटल्यावर सुरू होते. पेद्रेल जुनी चर्चसंगीताची हस्तलिखितं आणि लोकगीतं धुंडाळणारे. इटालियन ऑपेराची नक्कल कशाला, आपल्याच मातीत खणा, असं त्यांचं म्हणणं.

शिष्यानं खणलं, पण दुसऱ्याच्या अंगणात. १९०५ साली त्यानं ‘ला विदा ब्रेवे’ हा ऑपेरा लिहिला. कथा घडते दक्षिण स्पेनमधल्या ग्रॅनडा शहराच्या आल्बायसिन या जुन्या वस्तीत, आणि फायानं तोवर ग्रॅनडा पाहिलेलंच नव्हतं. गल्ल्या कशा, घरं कशी, हे मित्राला पत्र लिहून विचारलं! ऑपेराला माद्रिदच्या अकादमीचं बक्षीस मिळालं, पण माद्रिदमध्ये प्रयोग काही लागेना. वाट बघून बघून १९०७ला गडी पॅरिसला गेला. आठवड्याभरासाठी म्हणून गेला आणि सात वर्षं राहिला. ऑपेरा शेवटी रंगमंचावर आला तो १९१३ साली, फ्रान्समधल्या नीस शहरात.

पॅरिसमध्ये त्याला फ्रेंच रचनाकार देब्युसी भेटला. गंमत बघा, देब्युसीनंही पियानोसाठी ‘ग्रॅनडातली संध्याकाळ’ लिहिली होती, आणि त्याचा स्पेनशी संबंध काय, तर सीमेजवळच्या सान सेबास्तियानमध्ये घालवलेले काही तास. फायानं पुढे त्याच्यावर लेख लिहिला, त्यात तक्रार नाही, कौतुक आहे. एकही लोकगीत न उचलता यानं आमचा अंदालुसिया, म्हणजे दक्षिण स्पेन, पकडला, असं.

ते पकडायचं कसं? गिटार घ्या.

(गिटार मांडीवर)

डावा हात बाजूला ठेवा आणि सहाही मोकळ्या तारा एकदम छेडा.

(छेडतो)

मी, ला, रे, सोल, सी, मी. पाश्चात्त्य हार्मनीच्या हिशोबात नीट न बसणारा हा ढीग फायानं पियानोत, ऑर्केस्ट्रात नेला. वर स्वरांची चाल अशी की ‘सा’वर उतरायचं ते कोमल रे वरून. स्पेनमध्ये या स्वरसप्तकाला फ्रिजियन म्हणतात, आपण भैरवी थाट म्हणू. म्हणून हे संगीत आपल्या कानाला चटकन जवळचं वाटतं. पण राग शोधायला बसू नका, पकड-बिकड काही नाही. स्वर तेच, घर वेगळं.

पॅरिसमध्ये सुरू केलेल्या ‘स्पेनच्या बागांमधल्या रात्री’चा पहिला भाग ग्रॅनडाच्या हेनेरालिफे बागेचा. म्हणजे पुन्हा लांबूनच! १९१४ला महायुद्ध आलं आणि तो माद्रिदला परतला. १९१९ला लंडनमध्ये दियागिलेव या रशियन निर्मात्याच्या बॅले कंपनीनं त्याचं ‘तीनकोनी टोपी’ केलं, पडदे आणि पोशाख पिकासोचे. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच आई अत्यवस्थ असल्याची तार आली. तो तसाच निघाला. भेट झाली नाही.

त्यानंतर तो ग्रॅनडात राहायला गेला. आलांब्रा या जुन्या मूर राजवाड्याच्या जवळच छोटंसं घर, सोबत बहीण. १९२२ला कवी लोर्का आणि इतर मित्रांबरोबर त्यानं ‘कांते होन्दो’ या जुन्या अंदालुसियन गाण्याची स्पर्धा भरवली. त्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत त्यानं या गाण्याची मुळं शोधताना भारतापर्यंत बोट नेलं. जिप्सी लोक तिकडूनच आले, आणि त्या गाण्यातले अर्ध्या स्वराहून बारीक स्वरही तिकडचेच, असं.

आता वाटेल की ग्रॅनडात राहून त्यानं ग्रॅनडावर ढीगभर लिहिलं असेल. छे! इथे लिहिलं ते स्पॅनिश कादंबरीचा नायक डॉन किहोते बघायला बसतो तो कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, आणि १९२६चा हार्पसिकॉर्ड कन्चेर्तो, म्हणजे पियानोच्या या जुन्या भावंडाला पुढे ठेवून लिहिलेली रचना. हार्पसिकॉर्डभोवती फक्त पाच वाद्यं. कोरडं, टोकदार, सोळाव्या शतकातल्या गाण्यावर बेतलेलं. अग्निनृत्यावर भाळलेले लोक इथे बिचकतात. मला विचाराल तर त्याची सगळ्यात अस्सल रचना हीच.

१९३६ला यादवी युद्धात लोर्काला गोळ्या घातल्या गेल्या. त्याला वाचवायची फायाची धडपड वाया गेली. १९३९ला तो अर्जेंटिनाला गेला तो परतलाच नाही. १४ नोव्हेंबर १९४६ला आल्ता ग्रासिया गावात गेला, सत्तरी नऊ दिवसांवर असताना.

तिथे टेबलावर काय होतं? ‘आतलांतिदा’. १९२७ला हातात घेतलेली, कितीतरी गायकांची, न संपलेली रचना. शिष्य अर्नेस्तो हाल्फ्तेर यानं पुढे पुरी केली. विषय समुद्रात बुडालेला देश. तिच्यात ग्रीक पुराणातला वीर हर्क्युलिस फिरत फिरत एका बंदरात येतो. बंदराचं नाव काडिझ.

(कन्चेर्तोचा दुसरा भाग सुरू, चित्र काळं)