1235 पौंडांचं चीज आणि उत्तर न येणारे अर्ज

आजचा विषय पत्रिकेवर 'अमेरिकन नागरिक सरकारवर नाराज का?' असा छापलाय. तिथे पोचायचंच आहे. पण वाट मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावावरून जाते आणि त्या गावात एक चीज आहे.

20 जुलै 1801. गावकऱ्यांनी सुमारे 900 गाईंचं दूध एका चीजसाठी लावलं. अट एकच: फेडरलिस्ट पक्षाची, म्हणजे अध्यक्ष जेफरसन यांच्या विरोधकांची, गाय चालणार नाही. (गाईचा पक्ष मालकावरून ठरायचा, आपल्याकडे दूध संघात काही फार वेगळं चालत नाही.) एवढा चोथा नेहमीच्या साच्यात मावेना, तेव्हा सफरचंदाचा रस काढायचं स्क्रूचं मोठं यंत्र आणलं. महिनाभरानं वजन केलं तर 1235 पौंड, म्हणजे 560 किलो. व्यास चार फुटांहून जास्त. हडसन नदीपर्यंत जमिनीवरून, पुढे जहाजानं, शेवटी पुन्हा गाडीनं ते वॉशिंग्टनला पोचलं आणि 1 जानेवारी 1802 रोजी अध्यक्ष जेफरसन यांच्या हाती दिलं गेलं. भेटवस्तू घ्यायच्या नाहीत असा त्यांचा नेम, म्हणून त्यांनी 200 डॉलर मोजले. सोबतच्या मानपत्रात शेतकऱ्यांनी मुद्दाम लिहिलं होतं की या कामाला एकाही गुलामाचा हात लागलेला नाही. हे वाचून दाखवलं ते शेकडो गुलामांच्या मालकासमोर! पुढे गुलामगिरी संपवल्याबद्दल अमेरिकन लोकांना जोतीरावांनी 1873 साली आपलं पुस्तक अर्पण केलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता हा खटाटोप कोणाचा? जॉन लीलंड नावाच्या बाप्टिस्ट (हा एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) धर्मोपदेशकाचा. जेफरसनना विरोधक नास्तिक म्हणत होते, आणि त्यांना डोक्यावर घेणारा हा माणूस गावोगाव बायबल सांगत फिरणारा. यामागे करवसुली होती. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्ये गावच्या काँग्रिगेशनल, म्हणजे सरकारमान्य पंथाच्या, पाद्र्याचा पगार करातून निघायचा. बाप्टिस्टाला सूट हवी तर आपल्या मंडळीकडून दाखला आणायचा आणि तो नोंदवायचा. दाखला नाकारला, उशीर झाला, सही पटली नाही, की जप्ती. 1770 मध्ये ॲशफील्ड गावात याच करापायी बाप्टिस्टांच्या सुमारे 400 एकर जमिनीचा लिलाव झाला. देवाला मानण्यासाठी कारकुनाचा शिक्का लागावा, हे त्यांचं दुखणं.

म्हणून कनेक्टिकटच्या डॅनबरी भागातल्या बाप्टिस्टांनी ऑक्टोबर 1801 मध्ये जेफरसनना लिहिलं: आमचं धर्मस्वातंत्र्य हक्क म्हणून नाही, मेहरबानी म्हणून मिळतं. चीज आलं त्याच दिवशी जेफरसननी उत्तर दिलं, आणि चर्च व राज्य यांच्यामधली ती प्रसिद्ध 'भिंत' त्यात आली. मसुद्यात ती 'चिरंतन' होती. ॲटर्नी जनरल लेव्हाय लिंकन यांचा सल्ला घेऊन अध्यक्षांनी पत्रावर काट मारली. सरकारी उपास-प्रार्थनेचे दिवस आपण का जाहीर करत नाही, हा खुलासा गाळला, 'चिरंतन'ही गेलं. खोडलेल्या ओळी 1998 मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेनं वाचून दिल्या. पत्रानं कर मात्र थांबला नाही, कारण धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली घटनादुरुस्ती तेव्हा फक्त केंद्राला बांधत होती. कनेक्टिकटनं चर्चचा सरकारी दर्जा 1818 मध्ये काढला, मॅसॅच्युसेट्सनं 1833 मध्ये.

भिंत श्रद्धावंतांनी मागितली, हे इतकं लांबवून सांगायचं कारण असं की आज नाराजीचं खापर तिच्यावर फोडलं जातं. लुइझियानानं 2024 मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा किमान 11 बाय 14 इंचांचा फलक लावायचा कायदा केला. लीलंड यांनी पहिला प्रश्न विचारला असता: मजकूर कोणत्या पंथाचा?

संयोजकांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा मूळ विषय भराभर.

1964 मध्ये वॉशिंग्टनवर, म्हणजे केंद्र सरकारवर, भरवसा आहे म्हणणारे 77 टक्के होते. 2024 मध्ये 22. व्हिएतनाम युद्ध, वॉटरगेट घोटाळा वगैरे कारणं खरीच, पण ती सगळ्यांना पाठ आहेत. माझा मुद्दा अर्जाचा. पहिल्या दुरुस्तीत धर्माबरोबर तक्रारअर्जाचाही हक्क आहे. सुरुवातीच्या काँग्रेसमध्ये (म्हणजे तिथल्या संसदेत) अर्ज सभागृहात मांडले जात, समितीकडे जात, बऱ्याचदा निकाल लागे. 1836 ते 1844 गुलामगिरीविरोधी अर्ज बाजूला टाकायचा नियम आला, त्याविरुद्ध माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स सदनात लढले. आज अर्जाची नोंद छापली जाते, तो समितीकडे जातो आणि तिथेच राहतो. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर स्पष्टच सांगितलं की सरकारनं ऐकलंच पाहिजे किंवा उत्तर दिलंच पाहिजे असं घटना म्हणत नाही.

आणि उत्तर देणार कोण? प्रतिनिधी सदनाच्या 435 जागा 1929 च्या कायद्यानं गोठल्या. 2020 च्या जनगणनेनुसार एका प्रतिनिधीमागे सरासरी 7,61,169 माणसं येतात. घटनेनं घातलेली मर्यादा होती 30,000 मागे एकाहून अधिक नको. 435 चा आकडा बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही, साधा कायदा पुरतो. लोकसंख्येचं घनमूळ धरायचं अशी एक जुनी सूचना आहे, त्यानं जागा 692 होतात. (तो कायदा सिनेटमध्ये चर्चा तोडायला लागणाऱ्या 60 मतांपाशी अडेल, ते वेगळं व्याख्यान.)

एवढ्या खुर्च्या मावणार नाहीत, हा नेहमीचा आक्षेप. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये सदस्य 650 आणि बाकांवर जागा सव्वाचारशेच्या आसपास. उशिरा येणारे तिथे उभे राहतात, मागच्या दारापाशी आपली मंडळी उभी आहेत तशी. प्रश्न त्यांच्यापासूनच घेऊ.