रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब

मंडळी, नमस्कार. बोलायला सुरुवात करण्याआधी ही वही दाखवते. आत चौकोनच चौकोन आहेत, आणि प्रत्येक चौकोनात पेन्सिलने काढलेल्या बारीक खुणा. ही आमच्या शेजारच्या आजोबांची वही. आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला, फ्रीमाँट नावाच्या गावात. तिथे आपली माणसं इतकी आहेत की गणपतीत मोदकांना तोटा पडत नाही. आजोबा मात्र मूळचे ओकलंडचे. सगळी हयात त्यांनी तिथल्या बंदरात नोकरी केली. बेसबॉल मला त्यांनी शिकवला, तो या वहीवरून.

एक चौकोन म्हणजे एका फलंदाजाची एक पाळी. तो तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीन संधी हुकवून, बाद झाला की चौकोनात इंग्रजी ‘के’ काढायचा. बॅट फिरवून चुकला असेल तर सुलटा ‘के’, आणि शेवटचा चेंडू नुसता बघत उभा राहिला असेल तर उलटा. मी विचारलं, बाद तो बादच, मग दोन खुणा कशाला? आजोबा म्हणाले, ‘त्याने हात उचलला होता की नाही, हे वहीला कळायला हवं.’

आजचा विषय ओकलंडचा अ‍ॅथलेटिक्स हा संघ. लोक त्याला प्रेमाने नुसतं ‘एज’ म्हणतात. आणि मला बोलायचं आहे ते मैदानावरच्या खेळापेक्षा हिवाळ्यातल्या वादांबद्दल. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला हंगाम संपतो आणि मार्चअखेरीस नवा सुरू होतो. मधल्या महिन्यांत एक चेंडू पडत नाही, पण रसिकांची तोंडं तेव्हाच जास्त चालतात. कोणाला विकलं, कोणाला घेतलं, पगारावर किती खर्च केला. जुन्या काळी दुकानातल्या शेगडीभोवती बसून या गप्पा व्हायच्या, म्हणून त्यांना आजही ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात. आपल्याकडे पारावर बसून निवडणुकीचा निकाल लावतात, तसंच.

हे वाद समजायला एक गोष्ट लक्षात घ्या. आयपीएलमध्ये २०२५च्या लिलावाला प्रत्येक संघाची थैली १२० कोटी रुपयांची होती. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, तशी कमाल मर्यादा नाही. एका रकमेच्या वर गेलात तर कर भरा, एवढंच. २०२५ साली ती रक्कम २४ कोटी १० लाख डॉलर होती. किमान किती खर्च करायचा, यावर तर थेट बंधनच नाही. त्यामुळे २०२३च्या हंगामाला सुरुवात झाली तेव्हा न्यूयॉर्क मेट्सचा पगारखर्च ३५ कोटी डॉलरच्या घरात होता आणि ओकलंडचा ६ कोटींच्या आसपास, लीगमध्ये सर्वांत कमी. दोघांनी एकाच स्पर्धेत, एकाच नियमाने खेळायचं.

आता कोणी म्हणेल, गरीब संघ होता, काय करणार? तर ऐका. हा संघ १९०१ साली फिलाडेल्फियात सुरू झाला, १९५५ला कॅन्सस सिटीत गेला आणि १९६८ला ओकलंडला आला. तिथे १९७२, ७३ आणि ७४ अशी सलग तीन वर्षं त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली. १९८९ला पुन्हा जिंकली, तीही खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला हरवून. त्याच मालिकेत तिसऱ्या सामन्याच्या तोंडावर मोठा भूकंप झाला होता. २००२ साली साधारण ४ कोटी डॉलरच्या पगारखर्चात संघाने १०३ सामने जिंकले, त्यातले २० सलग. न्यूयॉर्क यांकीज तेव्हा त्याच्या तिप्पट खर्च करत होते. थोडक्यात काय, कमी पैशात चांगला संसार करायची या घराला सवय होती, आणि रसिकांनीही ती मानली होती. मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन हे दोघे खेळाडू याच घरात घडले. २०१९ला संघाने ९७ सामने जिंकले आणि साडेसोळा लाखांवर लोक मैदानात आले.

मग २०२२च्या मार्चमध्ये, चार-पाच दिवसांच्या आत, ओल्सनला अटलांटाला पाठवलं, चॅपमनला टोरोंटोला, आणि बॅसिट हा गोलंदाज न्यूयॉर्कला. थोड्याच दिवसांत मनेया हा आणखी एक गोलंदाज सॅन डिएगोला गेला. अटलांटाने ओल्सनशी लगेच दुसऱ्या दिवशी आठ वर्षांचा करार केला, १६ कोटी ८० लाख डॉलरचा. पुढच्याच वर्षी त्याने ५४ होमरन, म्हणजे आपल्या षटकारांसारखे फटके, मारले, त्या साली सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. इकडे ओकलंडमध्ये काय उरलं? त्या वर्षीची एकूण प्रेक्षकसंख्या आठ लाखांच्याही खाली गेली. २०२३ला संघ ११२ सामने हरला.

आणि मग सगळीकडून एकच वाक्य ऐकू यायला लागलं : ओकलंडचे लोक सामन्याला येत नाहीत, मग संघ तिथे कशाला ठेवायचा?

मंडळी, मला राग येतो तो इथे. बाजारपेठेतल्या वाण्याने फळ्या रिकाम्या केल्या, साखर नाही, तूरडाळ नाही, आणि वर म्हणायला लागला की गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून दुकान हलवतोय, तर आपण काय म्हणू? आधी काय घडलं आणि मागाहून काय, एवढंच तारखा लावून बघा. ओल्सन मार्चमध्ये गेला. खुर्च्या त्यानंतर रिकाम्या झाल्या.

स्टेडियम जुनं झालं होतं, हे खरं आहे. ओकलंड कोलिझियम १९६६चं. गटारं तुंबून घाण पाणी खेळाडूंच्या खोलीत यायचं. हे मी नाकारत नाही. पण ते मैदान बिघडलं कसं, तेही सांगायला हवं. पूर्वी बाहेरच्या बाजूला ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या. १९९५ला अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स संघ लॉस एंजेलिसहून परत यावा म्हणून शहराने आणि काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, कर्जरोखे काढून तिथे काँक्रीटचा अवाढव्य सज्जा बांधला आणि टेकड्या झाकून टाकल्या. रोखे सुमारे २० कोटी डॉलरचे. फेडायचे लोकांच्या करातून. २०२० साली रेडर्स लास व्हेगासला निघून गेले. तिकडे त्यांच्या नव्या स्टेडियमसाठी हॉटेलकरातून ७५ कोटी डॉलर मिळाले. ओकलंडकर मात्र संघ गेल्यावरही त्या सज्ज्याचे हप्ते भरत राहिले. वॉरियर्स हा बास्केटबॉलचा संघ २०१९लाच खाडी ओलांडून गेला होता. असे हात पोळलेल्या शहराला बेसबॉलच्या मालकांनी नव्या जागेसाठी विचारलं, तेव्हा शहराने दहादा विचार केला तर बिघडलं कुठे?

या संघाचं चिन्ह पांढरा हत्ती आहे. १९०२च्या सुमाराला एका विरोधी प्रशिक्षकाने ‘पांढरा हत्ती पोसताय’ असं हिणवलं, आणि संघाने तोच हत्ती मानाने छातीवर लावला. शब्दाचा अर्थ तिथेही आपल्यासारखाच आहे. फक्त मला वाटतं, पोसावा लागतो तो स्टेडियमचा हत्ती. अर्थशास्त्रज्ञ गेली तीसएक वर्षं आकडे मांडून सांगताहेत की सार्वजनिक पैशातून बांधलेली स्टेडियमं शहराला तो पैसा परत मिळवून देत नाहीत. माणूस सामन्याला गेला नाही तर तेच पैसे तो गावातल्याच एखाद्या खानावळीत नाहीतर सिनेमाला खर्च करतो. गावात नवा पैसा फारसा येत नाही.

नव्या जागेच्या कहाण्या तर अनेक. २००६ला संघ चक्क आमच्या फ्रीमाँटला येणार होता. लोकांनी वाहतुकीवरून विरोध केला आणि २००९ला बेत बारगळला. मग सॅन होजे. तिथे जायंट्सचा हद्दीचा हक्क आडवा आला, म्हणजे तो भाग लीगने जायंट्ससाठी राखलेला. सॅन होजे शहर कोर्टात गेलं आणि हरलं. कारण १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की बेसबॉल हा राज्याराज्यांतला व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. शंभर वर्षांपूर्वीचा निकाल, आणि तो अजून उभा आहे! दुसऱ्या कोणत्याही मोठ्या खेळाला ही सवलत नाही. म्हणून मालकांचं मंडळ ठरवतं कोणत्या गावात संघ असेल. शेवटी ओकलंडच्याच बंदरावर, हॉवर्ड टर्मिनलवर, १२०० कोटी डॉलरचा प्रकल्प मांडला गेला. निवासी इमारती, दुकानं, हॉटेल, आणि मध्ये मैदान. बोलणी चालूच होती, तोवर २०२३च्या एप्रिलमध्ये बातमी आली की लास व्हेगासमध्ये जमिनीचा सौदा झाला.

त्यानंतरच्या १३ जूनबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मी तिथे होते.

रसिकांनी ठरवलं, आपल्यावर न येण्याचा आळ आहे ना? मग एक दिवस सगळ्यांनी यायचं. उलटा बहिष्कार. मंगळवार होता, समोर टँपा बे, तेव्हाचा अव्वल संघ. आजोबा, मी आणि माझी धाकटी, तिघं बार्टने, म्हणजे तिथल्या लोकलने, गेलो. स्टेशनपासून मैदानापर्यंत एक लांब पूल आहे, दोन्ही बाजूंना जाळी. एरवी त्या पुलावर आपल्याच पावलांचा आवाज ऐकू यायचा. त्या दिवशी पाऊल टाकायला जागा नव्हती. लोकांनी आपसांत वर्गणी काढून हिरवे टी-शर्ट छापले होते, त्यावर एकच शब्द : ‘विका’. म्हणजे मालकांनी संघ दुसऱ्या कोणाला तरी विकावा, पण इथेच ठेवावा. ढोल वाजत होते. कोणाच्या खांद्यावर पोर, कोणाच्या हातात म्हातारी आई. एरवी मधल्या वारी पाच-सहा हजार लोक असायचे. त्या दिवशी २७,७५९.

पाचव्या डावाच्या सुरुवातीला आधी ठरल्याप्रमाणे सगळे गप्प झाले. पहिला फलंदाज खेळायला आला आणि एवढ्या गर्दीत चेंडू हातमोज्यात बसल्याचा ‘थप’ आवाज आम्हाला वर ऐकू आला. माझी मुलगी माझ्या कानात म्हणाली, ‘आई, हे असंच असणार का, संघ गेल्यावर?’ मी उत्तर दिलं नाही. त्या फलंदाजाची पाळी संपली आणि सगळं मैदान एका आवाजात ओरडायला लागलं : ‘संघ विका!’ आजोबा ओरडले नाहीत. ते वहीत लिहीत होते, पण पेन्सिल थरथरत होती. त्या पानावरच्या खुणा बघा, वाकड्या आहेत.

ओकलंडने तो सामना २-१ असा जिंकला. ओळीने सातवा विजय. आणि त्याच दिवशी, डोंगरापलीकडे, लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या सिनेटने नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतची सरकारी मदत मंजूर केली. दोन दिवसांत गव्हर्नरची सही झाली. तिथल्या शिक्षक संघटनेने याविरुद्ध सार्वमत मागितलं, ते न्यायालयात टिकलं नाही. नोव्हेंबरमध्ये संघ हलवण्यावर लीगमधल्या सगळ्या मालकांचं मतदान झालं : ३० विरुद्ध ०.

ओकलंडमधला शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४. ४६,८८९ लोक. टेक्सासवर ३-२ने विजय. व्यवस्थापक मार्क कॉटसे सामन्यानंतर मैदानात उभे राहून लोकांशी बोलले, आणि लोकांसोबत त्यांनीही ओकलंडच्या नावाने घोषणा दिल्या. त्याहून जास्त मी सांगू शकणार नाही.

संघ आता सॅक्रामेंटोजवळ, जेमतेम १४ हजार माणसं मावतील अशा मैदानावर खेळतो. नावापुढे गावच नाही, नुसतं अ‍ॅथलेटिक्स. व्हेगासचं स्टेडियम २०२८ला उघडायचं ठरलं आहे.

आता त्या हिवाळ्यातली गोष्ट. डिसेंबर २०२४ला लुईस सेव्हेरिनो या गोलंदाजाशी संघाने तीन वर्षांचा करार केला, ६ कोटी ७० लाख डॉलरचा. संघाच्या तोवरच्या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा करार! मागोमाग ब्रेंट रूकर या फलंदाजाशी पाच वर्षांसाठी ६ कोटींचा. रात्री आजोबांचा फोन आला. ‘वाचलंस?’ एवढंच म्हणाले आणि बराच वेळ गप्प राहिले. या खर्चामागे एक कारण होतं. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा छोट्या संघांना मिळतो. तो घेऊन पगारावर पुरेसा खर्च केला नाही तर खेळाडूंची संघटना तक्रार करू शकते. म्हणजे खर्च करायला भाग पडलं तेव्हा खर्च झाला. पण भाग पडल्यावर खर्च करता येतो, हेही दिसलं. ओल्सन आणि चॅपमन यांना धरून ठेवणं आवाक्याबाहेर होतं, असं आम्हाला तीन वर्षं सांगितलं गेलं होतं. चॅपमन आज खाडीपलीकडे, जायंट्सकडे खेळतो.

रसिकांना पगाराच्या वादात खेळाडू महाग वाटतात, ते मला पटत नाही. १९६९ साली सेंट लुईसच्या संघाने कर्ट फ्लड या खेळाडूला, त्याला न विचारता, फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकलं, तेव्हा तो म्हणाला, मी काही विकायची वस्तू नाही. सर्वोच्च न्यायालयात तो १९७२ला हरला, त्याच जुन्या १९२२च्या निकालामुळे. पण त्याने दार किलकिलं केलं, आणि तीनच वर्षांनी लवादाच्या निर्णयाने खेळाडू मोकळे झाले. हा फ्लड ओकलंडचा, मॅक्लिमंड्स शाळेचा मुलगा. खेळाडू लढून आपला हक्क मिळवू शकले. गावाला मात्र असं कोणतंही न्यायालय अजून सापडलेलं नाही. ज्या निकालाने फ्लडला अडवलं त्यानेच सॅन होजेला अडवलं, आणि त्याच्याच आडोशाने ३० मतं एका बाजूला पडली. अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९२२ची ती सवलत काढून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच पश्चिम ओकलंडमध्ये, त्या शाळेपासून फार लांब नाही, रायमंडी पार्क आहे. २०२४पासून तिथे ओकलंड बॉलर्स नावाचा एक छोटा स्वतंत्र संघ खेळतो. त्यात रसिकांनी स्वतःचे पैसे घालून भाग घेतले आहेत. २०२५ला त्यांनी पायोनिअर लीग या त्यांच्या छोट्या स्पर्धेचं विजेतेपद जिंकलं. आजोबांचाही त्यात भाग आहे. तिथे ते नवी वही घेऊन बसतात. ही जुनी त्यांनी मला दिली, शेवटचं पान त्या २६ सप्टेंबरचं.

वही पहिल्या रांगेपासून फिरवते. पानं हळू उलटा, आणि बोट फिरवू नका, पेन्सिलचं आहे, पुसलं जातं.