भरलेला डबा परत का येतो?

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोरगं भाजी खात नाही, काय करू? भाजीकडे नंतर येऊ. आधी डबा कधी उघडतो ते बघा. सकाळी सातला भरलेला डबा दहा-साडेदहाला उघडतो. सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची, त्यातली निम्मी हात धुण्यात आणि गप्पांत जाते. चपाती तोडायची, घासात भाजी धरायची, तेल मनगटावर ओघळू द्यायचं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढा उद्योग झेपत नाही. डब्यातला पदार्थ एका हातात धरून खाता आला पाहिजे. सोलापुरात तो आयताच आहे: धपाटं.

दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, पाव वाटी कणीक, वाटीभर बारीक चिरलेली मेथी किंवा किसलेला दुधी, दोन चमचे तीळ, ओवा, हळद, मीठ आणि मोठ्यांना लागतं त्याच्या निम्मं तिखट. दुधी असेल तर मीठ लावून पाच मिनिटं ठेवा, सुटलेल्या पाण्यातच पीठ कालवा, मग लागेल तसं कढत पाणी घाला. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. कढत पाण्यानं पीठ थोडं शिजतं आणि धरून राहतं. ओल्या फडक्यावर थापा, चार भोकं पाडा, फडक्यासकट तव्यावर उलटं टाकून फडकं अलगद सोडवा, भोकांत थेंब-थेंब तेल सोडा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. कडा फाटल्या तर पाणी गार होतं किंवा पीठ विरी गेलेलं, म्हणजे जुनं होऊन धरेनासं झालेलं होतं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण तिचंही महिन्याचं दळण एकदम आणलं तर धपाटं फाटणारच. आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. वातड झालं तर आच मंद होती, ते भाजण्याऐवजी वाळलं. आणि ओलं, चिकट लागलं तर तुम्ही वाफेसकट झाकण लावलंत. जाळीवर पाच मिनिटं निवू द्या, मग चार तुकडे करून भरा.

आता पोषणाचा हिशेब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. दिवसभरात शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी किंवा धपाटी, तीस ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण, वीस ग्रॅम दाण्याचं कूट आणि पेलाभर दूध एवढ्यात ती भरून निघतात. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळीत असतं, म्हणून भाकरी आणि वरण एकाच दिवसात पोटात गेलं पाहिजे. प्रथिनांची महागडी पावडर मला तरी अनावश्यक वाटते. खरी अडचण लोहाची. मेथी, हुलगे (कुळीथ) यांतलं लोह अंगी फार थोडं लागतं. जेवताना लिंबू पिळलं किंवा पेरूची फोड दिली तर जास्त लागतं. जेवणासोबत किंवा जेवल्याजेवल्या दिलेला चहा मात्र ते अडवतो. तो बंदच करा.

शेंगाचटणी मुलांनाही द्या, पण वेगळी कुटा: वाटीभर खमंग भाजलेले दाणे, सहा पाकळ्या लसूण, अर्धा चमचा तिखट, मीठ. उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची. मिक्सर सलग फिरवला तर लगदा होतो, थांबून-थांबून फिरवा. काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून फेकाच, त्यांत बुरशीचं विष असू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात, कूट चालतं. आणि दाण्यांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आसपास हा विषयच नको.

भाजीचं आता. नवी चव मुलाला एका खेपेत पटत नाही, कधी आठ-दहा वेळा चमचाभर समोर यावी लागते. म्हणून नवा पदार्थ डब्यात कधीच नाही. तो संध्याकाळी, घरी, भूक असताना, ओळखीच्या पदार्थाशेजारी. आठवड्याच्या डब्यांत चार ओळखीचे आणि एक-दोन थोड्या फरकाचे एवढं पुरे. पालक धपाट्यात लपवायला हरकत नाही, पण रोजच लपवला तर मूल पालक खायला शिकत नाही, धपाटं खायला शिकतं.

रात्रीसाठी हुलग्याचे शेंगोळे. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं, लसूण-जिरं, मीठ, थोडं तिखट. घट्ट मळून बोटाएवढ्या वळ्या करा. लसणाच्या फोडणीचं पाणी खळखळ उकळल्यावरच सोडा, पंधरा-वीस मिनिटं शिजवा. पीठ सैल किंवा पाणी कोमट असेल तर वळ्या विरघळून पिठलं होतं. वळायला मुलांनाच बसवा. वेडेवाकडे झाले तरी स्वतःचे ती मोजून खातात.

मार्चनंतर पारा चाळिशीकडे निघाला की दही, ओल्या खोबऱ्याची चटणी, उकडलेला बटाटा डब्यातून काढा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत होणारी पुलिहोरा, चिंचेचा भात, आंबटपणामुळे या दिवसांत साध्या भातापेक्षा चांगली टिकते. मधल्या वेळी कडक भाकरीचा चुरा, वरून कांदा, लिंबू, चिमूटभर शेंगाचटणी.

आणि परत आलेला डबा लगेच घासायला टाकू नका, आधी वाचा. कडा उरल्या तर धपाटं कडक झालंय. मधला भाग उरला तर जाड थापलंय, आत कच्चं आहे. भाजी तेवढी उरली तर ती धरायला जमली नाही. सगळंच परत आलं तर रागावण्याआधी डबा मुलाच्या हातात द्या आणि झाकण उघडून दाखवायला सांगा.