पुस्तक मिटल्यावर
(तालुक्याच्या वाचनालयात दहावीची मुलं आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मुलांनो, आणि मुलांना इथवर ओढून आणणाऱ्या पालकांनो, विषय दिलाय 'परीक्षेची उजळणी कशी करावी'. माझं म्हणणं एका वाक्याचं आहे: पुस्तक उघडं असतं तोवर वाचन चालतं, अभ्यास ते मिटल्यावर सुरू होतो. पण पाऊण तास दिलाय, तेव्हा आधी माझी फजिती ऐका.

दहावीला मी भूगोलाचं पुस्तक स्केचपेननी रंगवलं होतं. कारणं हिरवी, व्याख्या लाल, नद्या अर्थातच निळ्या. फेब्रुवारीपर्यंत एकही ओळ कोरी उरली नाही. म्हणजे सगळंच महत्त्वाचं! चारदा वाचून झालं. आई शेजारी सांगायची, "याचा भूगोल तोंडपाठ आहे हो." मलाही तसंच वाटे. पान उघडलं की सगळं ओळखीचं दिसायचं ना!

पेपरात आलं, भौगोलिक कारण द्या: कोकणात पाऊस भरपूर पडतो, तरी उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते. मला काय आठवलं सांगू? डावीकडचं पान. वर नकाशा, खाली हिरवी रेघ, टोकाला शाई जरा फुटलेली. रेघेवरचं अक्षर मात्र एकही नाही. शेवटी 'लोक पाणी जपून वापरत नाहीत' असं ठोकून आलो. (हशा) हसू नका, सहामाहीत तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच लिहिलं असेल. इथे कोणी कोकणातलं असेल तर पुस्तकाशिवाय सांगेल: उतार तीव्र, नद्या आखूड, पाणी धावत समुद्राला मिळतं, जांभा ते धरून ठेवत नाही. घरी येऊन पान उघडलं आणि म्हटलं, "अरे, हे तर येत होतं!" येत नव्हतं. ओळखू येत होतं. लग्नात एखादे काका ओळखीचे वाटतात, नाव काही आठवत नाही, मग आपण "जेवलात का?" विचारतो, त्यातली गत.

आमची आजी चौथी शिकलेली. दिवेलागणीला परवचा असायचा, शुभंकरोती झालं की पाढे, मग पावकी, निमकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा आणि साडेतीनचे पाढे. ओळीने धडाधडा म्हटलेलं तिला पटायचं नाही. भाकरी थापता थापता मधूनच विचारायची, "सात औटे?" अडखळलो तरी लगेच सांगत नसे. भाकरी उलटेपर्यंत थांबायची. साडेचोवीस! आता पावकी-निमकी कोणाला लागत नाही, ते जाऊ द्या, पण तिचं ते मधूनच विचारणं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे. तर आता मुद्द्याचं भराभर सांगतो.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने.

दुसरं, २००६ चा अमेरिकेतला प्रयोग, रोडिगर आणि कार्पिक यांचा. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते! आठवड्याने वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. पालकांनो, आदल्या रात्रीच्या वाचनाने फसायला होतं ते यामुळे.

तेव्हा धडा वाचा, मिटा, कोऱ्या कागदावर उतरवा, मग उघडून चुका लाल करा. लाल पेन तिथे वापरा. गणितं प्रकरणवार न सोडवता मिसळून सोडवा, पेपरात वर प्रकरणाचं नाव नसतं. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून. आणि रात्री झोपा.

दुसरी चिठ्ठी आली. आभार मानणाऱ्यांच्या हातात मला कागद दिसतोय. तो जरा इकडे द्या आणि आता माना आभार.